उन्हात घातलेला नकाशा

मास्तरांनी काठी माझ्याकडे पायानं सरकवली.

हातात दिली नाही. खाली ठेवली आणि जोड्याच्या टोकानं ढकलली. ती घरंगळत आली आणि माझ्या अंगठ्याला लागून थांबली.

"उचल," मास्तर म्हणाले. "साहेबांना ठाणे दाखव."

समोर भिंतीवर मुंबई इलाख्याचा नकाशा. बाजूला खुर्चीत शाळा तपासायला आलेला गोरा साहेब. पाठीमागं सगळा वर्ग, मॅट्रिकच्या तयारीचा. त्याच वर्गात मीही शिकत होतो, पण त्या खोलीत माझं पाऊल त्या दिवशी पहिल्यांदा पडलं. माझी जागा बाहेर व्हरांड्यात, खिडकीखाली. मी महाराचा पोर. ठाण्याच्या हायस्कुलात मला घेतलं होतं, पण वर्गात घेतलं नव्हतं.

मी आत कसा आलो ते सांगतो. साहेबानं वर्गाला इलाख्यातल्या नद्या विचारल्या. आतला एकजण तापीपाशीच अडकला. तेव्हा मास्तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बाहेरच्या, तू सांग." मला ते 'बाहेरच्या' म्हणूनच हाक मारत. मी बसल्या जागेवरून सांगितल्या. नर्मदेपासून खाली काळी नदीपर्यंत. उगम कुठं, काठावर गावं कोणती, समुद्राला मिळते कुठं. मग बंदरं. मग घाट. कुठं थांबलो नाही. साहेबाला दिसत नव्हतं कोण बोलतंय. त्यानं विचारलं तसे मास्तर फुलून आले. म्हणाले, हा आमचा अस्पृश्य विद्यार्थी, याचं पाठांतर अख्ख्या शाळेत कोणाला नाही. साहेब म्हणाला, त्याला आत बोलवा.

आत आलो आणि नकाशा बघितला. जन्मात पहिल्यांदा.

तुम्हाला याचं हसू येईल. येऊ दे. माझ्या मनात नकाशा म्हणजे चित्र होतं. त्यात डोंगर असतील, झाडं असतील, खाडीत गलबतं असतील, ठाण्याचा किल्ला असेल, बघितलं की ओळखेन. भिंतीवर बघतो तर नुसते रंगांचे डाग. एक गुलाबी, एक पिवळा, एक हिरवट. डाव्या अंगाला सगळं निळंच निळं. मला वाटलं ते आभाळ.

मी कळव्याचा. खाडीच्या काठावर वाढलो. आमच्या खाडीचं पाणी मी जन्मात कधी निळं पाहिलं नव्हतं. भरतीला मातकट, ओहोटीला चिखल. ठाणं खाडीवर आहे एवढं मला पक्कं ठाऊक, तेव्हा मी मातीचा रंग शोधू लागलो. नावं इंग्रजीत होती, मुंगीएवढी. मला वाचता येत होती, पण मास्तरांनी लांब उभं केलेलं, आणि डोळ्यांत घाम का पाणी कोण जाणे. वरच्या बाजूला मातकट रंगाचा एक मोठा पट्टा दिसला. काठी तिकडे नेली. टोक नेमकं कुठं टेकलंय ते लांबून कळत नव्हतं.

"जवळ जा," साहेब म्हणाला. "बोट ठेव."

मी काठी खाली ठेवली, जवळ गेलो आणि बोट टेकवलं.

 मग पहिल्या बाकावरून एक आवाज आला, "सिंधचं वाळवंट."

आणि वर्ग फुटला. बाकं वाजली. कोणी तरी म्हणालं, "ठाण्याला उंटावर बसवलं रे यानं." साहेबही हसला. वाईट नाही हसला, लहान पोर धडपडल्यावर हसतात तसा. मग मास्तरांना मोडक्या मराठीत, शब्द चावत चावत म्हणाला, "हा मुलगा नाही. हा पोपट आहे."

मास्तरही हसले. साहेबाचं मी कधीच सोडून दिलं. मास्तरांचं हसणं अजून माझ्या घरात राहतं. जेवताना येतं, काम करताना येतं. आणि मी ठाण्यात उभा राहून ठाणं शोधतो आहे, माझ्या बोटाखाली वाळू आहे, असं मला अजून स्वप्न पडतं.

मॅट्रिकच्या परीक्षेला मुंबईला कोणाला पाठवायचं ते त्याच दिवशी ठरलं. माझं नाव मास्तरांनी आधी घालतो म्हटलं होतं. ते राहिलं. मॅट्रिक नाही तर कॉलेज नाही. मला कॉलेजात जायचं होतं. दुसरं काहीच नको होतं मला.

तुम्ही पोरं आता हायस्कुलात जाणार. मला विचारता, काय काय तयारी करू, इंग्रजी कुठलं वाचू, कॉलेजाचं दार कसं उघडतं. सांगतो. पण माझी गोष्ट आधी ऐका, कारण माझी तयारी कोणापेक्षा कमी नव्हती.

वस्तीत पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले एक जमादार होते. अक्षरओळख, हिशेब, थोडं इंग्रजी त्यांनी शिकवलं. त्यांच्याजवळ पाटी होती, छडी होती, नकाशा नव्हता. पुढं सरकारी हुकूम झाला की शाळेतून कोणाला परत पाठवायचं नाही. तेव्हा माझा बाप मला घेऊन पूल ओलांडून ठाण्याला आला. गावातले मोठे लोक चिडले. पोरं काढून घेऊ म्हणाले. मास्तरांनीच मध्ये पडून तोड काढली. हुकूमही मोडायचा नाही, लोकांनाही दुखवायचं नाही. मुलगा शाळेत येईल, व्हरांड्यात बसेल.

मास्तर वाईट नव्हते. हे मुद्दाम सांगतो, कारण तुम्हाला भेटतील तेही बहुतेक वाईट नसतील. रविवारी ते सभेत भाषण करायचे, सगळी माणसं एका देवाची लेकरं म्हणून. गावानं त्यांना नावं ठेवली, ती त्यांनी सोसली. माझा बाप म्हणायचा, दगडापेक्षा वीट मऊ. खरंच होतं ते. फक्त वीट डोक्यात बसली तरी खोक पडतेच, हे तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, खिडकी होती तर उभं राहून आत बघायचं. फळा दिसला असता, नकाशा तर समोरच्याच भिंतीवर होता. पहिल्या दिवसांत एकदा राहिलो उभा. खिडकीच्या आत तिवईवर पाण्याचा माठ असायचा. माझी सावली त्या माठावर पडली. शिपायानं सगळं पाणी अंगणात ओतलं आणि ऐन उन्हाळ्यात वर्ग दुपारभर तहानलेला राहिला. सुटताना पोरं माझ्याकडे बघत होती ते मला आठवतं. माठ दुसरीकडे ठेवावा असं कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही. मी खाली बसलो.

मास्तर त्या दिवशी बाहेर आले. चार हात लांब उभं राहून मायेनं म्हणाले, "बघायला कशाला हवं रे? ऐक. आमच्या वाडवडिलांनी सगळी विद्या ऐकूनच राखली. ऐकून शिकलेलं जन्मभर जात नाही."

माझी छाती फुगली. ज्यांची विद्या आमच्या कानावर पडू नये म्हणून एवढा बंदोबस्त, त्यांचीच रीत मला मिळाली असं वाटलं. मी कान केले. सगळं अंग कान केलं. कविता, व्याकरण, राजांच्या सनावळ्या, नद्या, डोंगर, सगळं ऐकायचं आणि पुलावरून घरी जाताना मोठ्यानं म्हणायचं. पुलावरची माणसं बाजूला व्हायची, एक तर जातीमुळे, दुसरं वेडा समजून. कृष्णा कुठं उगवते मला विचारा, मी झोपेत सांगितलं असतं. पण कृष्णा आणि गोदावरी यांतली वर कोणती आणि खाली कोणती, हा प्रश्नच कधी डोक्यात आला नाही. वर-खाली असतं हेच माहीत नव्हतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्यावर मी वाढलो, आणि अंगावर मांस चढतंय असं मला वाटत राहिलं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. न जाऊन करतो काय. बघतो तर नकाशा व्हरांड्यात.

मी बोट लावलं होतं ना. खोलीची जमीन धुऊन घेतली होती, काठी पाण्यात बुडवून काढली होती. पण नकाशा कापडावर चिकटवलेला कागद, त्यावर पाणी मारलं तर इलाखा वाहून जायचा. मग जाणत्या लोकांनी ठरवलं की त्याला ऊन द्यावं. सूर्यनारायणापुढे विटाळ टिकत नाही. दोन दिवस उन्हात राहिला की झाला शुद्ध. आणि ऊन यायचं ते व्हरांड्यातच, माझ्या जागेसमोर. तिथल्या खांबाला खिळा मारून नकाशा टांगला होता.

शिपाई राघो खिळा ठोकून पायरीवर बसला होता. तोही आमच्या कळव्याचाच, आगरी. मला म्हणाला, "आरं पोरा, हात नको लावू रं त्याला. नायतर मना परत सुकवाय लागंल."

मी हात लावला नाही. पुढं जाऊन बसलो आणि बघितलं. आत व्याकरण चाललं होतं. शाळेत आल्यापासून पहिल्यांदा मी ऐकलं नाही.

निळ्यामध्ये मोठमोठी अक्षरं होती. एकेक वाचलं. अरबी समुद्र. म्हणजे हे पाणी. हे आभाळ नव्हेच. मग काठाकाठानं वर आलो तर मुंबई. तिच्या डोक्यावर जरा उजवीकडे ठाणं. मग कल्याण. कळवा नव्हतं, पण ठाणं आणि कल्याण यांच्यामधून एक काळी रेघ जात होती, केसासारखी. आगगाडीचा रस्ता. माझा बाप त्या रस्त्यावर खडी ठोकायचा, खडवलीच्या टोळीत. आठ-आठ दिवस घरी यायचा नाही. मी ठाण्याहून खडवलीपर्यंत नजरेनं गेलो. एवढंसं अंतर. माझ्या नखाखाली झाकलं गेलं असतं.

मग नद्या. ज्यांची नावं मी जपमाळेसारखी ओढत होतो त्या एकेक करून आपापल्या जागी जाऊन पडल्या. गोदावरी आमच्या इथून डोंगरापलीकडेच निघत होती आणि उलट्या दिशेला चालली होती. तापी आडवी. नर्मदा तिच्या वर. मला रडू आलं. पोपट म्हणाले तेव्हा नव्हतं आलं. तेव्हा नुसतं अंग गार पडलं होतं. आता त्या उन्हात, सगळं दिसल्यावर, मी गुडघ्यात तोंड घालून रडलो.

आणि रडता रडता राग आला. सावकाश आला, भरतीचं पाणी चिखलावरून येतं तसा, आवाज न करता. हा नकाशा इतके दिवस समोर होता. मी उभा राहिलो असतो तर दिसला असता. एक माठ हलवायचा होता. तेवढं कोणाच्यानं झालं नाही, आणि ते न झाल्यामुळं पोपट मी ठरलो.

दोन दिवस झाले. मास्तर दारात आले. नकाशाकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं आणि राघोला म्हणाले, "झालं. आत घे."

राघोनं नकाशा गुंडाळला. तो दारापर्यंत गेला आणि मी उठून उभा राहिलो. ठरवलं नव्हतं. पाय उठले.

मी म्हणालो, "मास्तर, नकाशा शुद्ध झाला?"

"झाला."

"दोन दिवसांच्या उन्हानं?"

"मग?"

"मी रोज उन्हात बसतो."

त्यांना आधी कळलं नाही. भुवया वर गेल्या. मी पुढं बोललो, कारण आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणार नाही हे मला कळत होतं. "तोच व्हरांडा, तेच ऊन. नकाशा दोन दिवसांत आत जातो. मग मी का नाही?"

आत पेनांची कुरकुर थांबली. राघो उंबऱ्यावर नकाशा काखेत धरून उभा, आत जावं की बाहेर यावं त्याला कळेना. मास्तरांचा चेहरा उतरला. मला वाटलं ते चिडतील. ते दुखावले.

"खाली बस," ते म्हणाले.

"नाही बसत."

"शाळेत राहायचं आहे ना तुला?"

"आत राहायचं आहे."

ते अगदी हळू म्हणाले, "मी तुझ्यासाठी काय नाही केलं रे?"

  त्यांनी केलं होतं. खूप केलं होतं. मी नुसता उभा राहिलो. मग त्यांनी राघोला आत घेतलं आणि दार लावलं. आदळलं नाही. हळूच लावलं. थोड्या वेळानं आतून सगळ्यांचा एकत्र आवाज आला, पाठ सुरू झाला होता. माझं तोंड सवयीनं त्यांच्याबरोबर हलायला लागलं. ते मी हातानं दाबून धरलं आणि पुलाकडे चालू लागलो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. तुम्ही मला शाबास म्हटलं असतं.

बाप शनिवारी घरी आला. आईनं सगळं सांगितलं. तो उठला. हातपाय धुतले, ठेवणीतलं पागोटं बांधलं आणि बाहेर पडला. मला आधी वाटलं चावडीवर चाललाय. मग लक्षात आलं आणि मी धावलो. पुलावर गाठायचं म्हटलं तर तो कधीच पलीकडे गेला होता. मी शाळेच्या कुंपणाशी पोहोचलो तेव्हा तो पायऱ्यांच्या खाली, उन्हात, उकिडवा बसला होता. पागोटं काढून पुढं मातीत ठेवलं होतं. मास्तर वर उभे होते.

माझ्या बापाचं उघडं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्यात बाप्या माणूस उघड्या डोक्यानं फक्त मयताला जातो. त्याचे केस सगळे पांढरे झाले होते. मला ते ठाऊकच नव्हतं.

मी पुढं झालो नाही. कुंपण धरून उभा राहिलो.

घरी आला तो हसत आला. म्हणाला, "घेतलं रं त्यांनी. देवमाणूस हाय. म्हनले, येक वरीस अजून बसू द्या, फुडच्या खेपेला परिक्षेला धाडतो. सोमवारपासनं जा."

"कुठं बसायचं, बा?"

"व्हतास तितंच."

"मी न्हाय जानार."

तो बघतच राहिला. "कालेजात जायचंय न्हवं तुला?"

"व्हय."

"मग?"

काय सांगू, नकाशाचं सांगू का उन्हाचं? त्याला उन्हाचं काय सांगायचं, तो जन्मभर उन्हात. तो म्हणाला, "आज माज्या डोस्क्यावरचं पागुटं मातीत पडलं. त्ये तू फुकट घालवतुस."

मी गेलो नाही. पागोटं फुकट गेलं.

तो माझ्याशी बोलायचा, जेव म्हणायचा, ये म्हणायचा. शाळेचं नाव मात्र त्यानं पुन्हा काढलं नाही. पुढं खडवलीला तापानं पडला. निरोप आला तसा मी आणि आई गेलो. टोळीतली माणसं झोपडीबाहेर बसली होती. बाप भ्रमात बडबडत होता. त्यांना सांगत होता, "माजा पोरगा ममईला कालेजात असतो. सुट्टी मिळत न्हाय त्याला. न्हायतर आला आसता." मी त्याचे पाय धरून तिथंच बसलो होतो. त्यानं मला विचारलं, "तू कोन रं बाबा?" मी म्हणालो, टोळीतलाच आहे. मग त्यानं मलाही सांगितलं, माझा पोरगा कॉलेजात असतो.

मी म्हटलं, व्हय.

तो गेला. मी कॉलेज पाहिलंही नाही. कल्याणच्या मालधक्क्यावर मुकादमी करतो, सुट्टीच्या दिवशी तुम्हाला शिकवतो. कुठल्याही घराच्या खिडकीखालून जाताना माझी पाठ आजही आपोआप वाकते. सावली आवरून घेतो मी. पोरांचा एकसुरात पाठ ऐकला की पाय थांबतात आणि खाली बसावंसं वाटतं. बायको हात धरून ओढून नेते. 

मला लोकांनी विचारलंय, एक वर्ष मान खाली घालून बसला असतास तर काय बिघडलं असतं? पोट भरलेले विचारतात, आपलेही विचारतात. मी रोज विचारतो. बसलो असतो तर मॅट्रिक झालो असतो, शक्य आहे. बाप सुखानं मेला असता, हे तर नक्कीच. त्याचा माझ्यावरचा भार कमी होत नाही आणि मी तो कमी करायलाही जात नाही. तुम्हाला सांगतो ते हा भार पाठीवर घेऊनच.

आता तुमचं. पाठांतर करा, मी त्याच्याविरुद्ध नाही. कविता पाठ हवी, पाढे पाठ हवेत, इंग्रजी शब्द रोज थोडे घोकायचे, आणि मोठ्यानं वाचायचं म्हणजे जीभ वळते. पण जे डोळ्यांनी बघायचं ते डोळ्यांनीच बघा. भूमिती दुसऱ्याच्या तोंडून शिकू नका. नकाशावर स्वतःचं बोट फिरलं नसेल तर भूगोल येतो असं म्हणू नका. कळलं नाही तर विचारा, आणि मास्तर वैतागले तर पुन्हा विचारा. शाळेत जाताना भाकरी खाऊन जा, उपाशी पोटी गणित सुटत नाही, हे मी करून बघितलंय. कॉलेजात जाल तर पहिल्या दिवशी पाणी कुठं आहे आणि ते कोण वाढतं ते बघून ठेवा. तिथंही माठ असतोच. आणि कोणी तुमची स्तुती केली तर आधी बघा की तो तुम्हाला कुठं उभं करून स्तुती करतोय. माझी स्तुती सगळी खिडकीतून झाली.

परवा मी इथल्या हायस्कुलाच्या हेडमास्तरांना भेटून आलो. तुमच्यातली जी पोरं तयार झाली आहेत त्यांच्यासाठी. चांगला माणूस. मला 'अहो' म्हणाला. म्हणाला, "जरूर पाठवा. आम्ही व्हरांड्याला आता बांबूचे तट्टे लावून घेतलेत. पूर्वीसारखा उन्हापावसाचा त्रास नाही मुलांना."

त्याला वाटलं मी खूश होईन.

मी तिथून निघालो आणि सगळी वाट विचार करत आलो. एक गोष्ट मला इतक्या वर्षांनी स्वच्छ दिसली. आपण व्हरांड्यात बसतो म्हणून ते दयाळू राहतात. आपल्याला घेतलंही आणि घेतलंही नाही, हुकूमही पाळला आणि गावही राखलं, आणि रात्री झोपही लागली. व्हरांडा आपल्यासाठी नाहीच. तो त्यांच्यासाठी आहे, त्यांना 'नाही' म्हणावं लागू नये म्हणून. माझ्या मास्तरांनी मला कधी 'नाही' म्हटलं नाही. जन्मभर मी ते 'नाही' शोधतोय, म्हणजे त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

तुमच्या आयाबापांना मी काल वस्तीत सांगितलं, तुम्हालाही सांगतो. व्हरांड्यात बसायला नाही म्हटलं तर तुमचं कॉलेज जाईल. माझं गेलं. कोणी वडीलधारा शाळेच्या पायऱ्यांशी जाऊन डोकं उघडं करील, आणि ते तुम्हाला जन्मभर दिसत राहील. हे सगळं होऊ शकतं. ज्याची तयारी नसेल त्यानं आजच सांगावं, मी त्याला एका शब्दानं बोलणार नाही. काल तुमच्यातल्या एकाच्या आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मग आमी करायचं तरी काय, भाऊ?"

तिला सांगितलं तेच. सोमवारी नावं घालायला आपण सगळे जाऊ. आयाबाप, पोरं, मी. पायऱ्यांच्या खाली कोणी बसायचं नाही. डोक्यावरचं कोणी काढायचं नाही. दारात उभं राहून एकच विचारायचं, वर्गात घेता का? हो म्हणाले तर पोरं आत जातील. नाही म्हणाले तर ते 'नाही' मी मोठ्यानं म्हणवून घेईन, सगळ्या गावासमोर, आणि ते घेऊन कलेक्टरच्या कचेरीत जाईन, तिथून पुढं जिथं जावं लागेल तिथं जाईन. पण व्हरांडा म्हणाले तर आपण तिथून हलायचं नाही. हो किंवा नाही, दोन्हींतलं एक त्यांच्या तोंडून निघेपर्यंत उभं राहायचं. बसायचं नाही.